स्वमग्नता : प्रकृती, विकृती आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

‘मूल तीन वर्षांचे झाले, अद्याप बोलत नाही,’ ही तक्रार घेऊन येणारे मातापिता आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात येतात. आपण जिव्हा पाहतो, कोष्ठाची चौकशी करतो, वेखंड, अक्कलकारा, ब्राह्मी अथवा सारस्वतारिष्ट यांपैकी काही योजतो आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ असा धीर देऊन त्यांना घरी पाठवतो. पुष्कळ मुले पुढे बोलूही लागतात व त्याचे श्रेय औषधास मिळते. परंतु त्यांतील काही मुलांची गोष्ट निराळी असते. त्यांचे न बोलणे हे एका मोठ्या भेदाचे केवळ बाहेरून दिसणारे टोक असते. या भेदास मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. अशा मुलांच्या बाबतीत वैद्याने काय करावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमची एक चूक

हा विषय आम्ही ग्रंथातून शिकलो नाही, चुकीतून शिकलो. २०११ साली सव्वादोन वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आणला गेला. नावाने हाक मारली असता तो वळून पाहत नसे. मात्र शेजारच्या खोलीत खलबत्ता वाजू लागला की दोन्ही कान घट्ट झाकून घेई. आम्ही या दोन्ही गोष्टी पाहिल्या आणि त्यांतून एवढेच अनुमान काढले की, कान उत्तम आहेत, सबब काळजीचे कारण नाही. चौदा महिने आम्ही मेध्य द्रव्यांची योजना करीत राहिलो. शेवटी दुसऱ्या शहरातील बालरोगतज्ज्ञांनी स्वमग्नतेचे निदान केले. त्यानंतर त्या मुलाची आई आम्हांस भेटावयास आली. ती म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्ही औषध चुकीचे दिले असे मी म्हणत नाही. पण तुम्हाला कळत नव्हते, तर तेवढे सांगायचे होते. मी वर्षभर आधी दुसरीकडे गेले असते.’

या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. व्यवसायबंधूंपैकी कोणावर अशी वेळ येऊ नये, हाच या लेखाचा हेतू आहे.

संज्ञेचा इतिहास

‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रौढ मनोरुग्णांच्या एका लक्षणासाठी योजली. ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः, या ग्रीक शब्दावरून ती आली आहे. बालकांतील या अवस्थेचे सुस्पष्ट वर्णन मॉस्कोतील वैद्य ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये केले होते, परंतु ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील हान्स ॲस्पर्गर यांचा निबंध आला. माणसांशी संबंध जोडण्याची निराळी रीत, नित्यक्रमात किंचितही बदल न खपणे आणि काही मुलांत आढळणारी असाधारण स्मरणशक्ती या गोष्टी कॅनर यांनी नोंदवल्या होत्या.

यानंतरचा काळ मातांसाठी फार क्लेशकारक ठरला. आईच्या थंड वागणुकीमुळे मूल असे होते, असा समज पसरला आणि ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने तो दृढ केला. वस्तुतः बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच याचे मूळ शरीरात असल्याचे साधार प्रतिपादन केले होते. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ११ एकबीज जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, तर १० द्विबीज जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. यावरून बीजाचा संबंध स्पष्ट झाला. आईचा दोष नाही, ही गोष्ट सिद्ध होऊन इतका काळ लोटला, तरी आपल्याकडे ‘मोबाइल हाती दिलास म्हणून’ किंवा ‘नोकरी केलीस म्हणून’ असे आईस ऐकवले जाते. ते थांबवणे हे वैद्याचे पहिले औषध होय.

लसीमुळे स्वमग्नता येते, ही समजूतही अशीच निराधार आहे. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १२ मुलांविषयीचा जो निबंध त्या समजुतीस कारण झाला, तो त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

स्वमग्नता हा एकच साचा नव्हे. म्हणूनच २०१३ पासून अमेरिकन वर्गीकरणात आणि २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही तिचे पोटभेद काढून एकाच विस्तृत पटलाखाली तिचा समावेश केलेला आहे. त्या संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. तालुक्याच्या गावी नित्य बालरुग्ण पाहणाऱ्या वैद्याकडे अशी मुले येतच असणार, मग ती ओळखली जावोत वा न जावोत.

विचारांची निराळी रीत

आपला मराठी शब्दही थोडा फसवा आहे. ‘स्वमग्न’ म्हटल्याने मूल स्वतःत बुडालेले आहे असे वाटते. प्रत्यक्षात फिरत्या पंख्याकडे तासभर पाहणारे मूल स्वतःत नव्हे, पंख्यात मग्न असते. त्याचे लक्ष कमी नसते. ते एका ठिकाणी अतिशय घट्ट बसलेले असते. आपल्या मनाची सवय अशी की, ते प्रथम समग्र आकृती घेते व तपशील गाळते. स्वमग्न व्यक्तीचे मन पुष्कळदा प्रथम तपशील घेते. मोठ्या चित्रात लपलेली छोटी आकृती शोधण्याच्या कसोटीत स्वमग्न मुले सरस ठरतात, असे अमिता शहा व उटा फ्रिथ यांनी १९८३ मध्ये दाखवले.

बुद्धिमापनाचाही येथे नव्याने विचार झाला. २००७ मध्ये मिशेल डॉसन, लॉरँ मॉट्रॉन आदींनी ३८ स्वमग्न मुलांस दोन निरनिराळ्या कसोट्या दिल्या. एका प्रचलित कसोटीत तोंडी प्रश्नोत्तरांना मोठे स्थान आहे, तर दुसरीत केवळ आकृतींमधील क्रम ओळखून रिकामी जागा भरावयाची असते. दुसऱ्या कसोटीत या मुलांचे स्थान पहिलीपेक्षा सरासरीने ३० शततमकांनी वर गेले. मूल तेच, बुद्धी तीच, केवळ विचारण्याची रीत बदलली. ‘मतिमंद’ असा शिक्का मारण्यापूर्वी आपण कोणत्या भाषेत प्रश्न विचारला, हे पाहणे किती अगत्याचे आहे, ते यावरून ध्यानी येईल.

संवादातील अडचण एकतर्फी नाही, हेही आता दिसून आले आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असा विचार मांडला की, स्वमग्न व्यक्तीस इतरांचे मन कळत नाही हे जितके खरे, तितकेच इतरांस तिचे मन कळत नाही हेही खरे. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. एकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायची, अशी साखळी त्यांनी योजली. सर्व स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली, जितकी सर्व इतरांच्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती अधिक गळाली. म्हणजे न्यून एका टोकास नसून दोन टोकांमधील सांध्यात आहे.

या भेदाचे मोल सांगणारे सर्वांत परिचित उदाहरण टेंपल ग्रँडिन यांचे आहे. १९४७ साली जन्मलेल्या या अमेरिकन विदुषी साडेतीन-चार वर्षांच्या होईतो बोलत नव्हत्या. आपण शब्दांत नव्हे, तर चित्रांत विचार करतो, असे त्यांनी सविस्तर लिहिले आहे. गुरे कत्तलखान्याच्या वाटेवर का बिचकतात, हे त्यांनी गुरांच्या नजरेच्या उंचीवरून पाहिले. लोंबणारी साखळी, जमिनीवरील चकाकी, अंधारी वळणे या इतरांस न दिसलेल्या गोष्टी त्यांना दिसल्या. त्यांनी आखलेल्या वक्राकार मार्गिका व यंत्रणा पुढे उत्तर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर स्वीकारल्या गेल्या.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक स्वमग्न मूल ग्रँडिन होत नाही. काही व्यक्तींना आयुष्यभर वाचा येत नाही, स्नान-भोजनासही साहाय्य लागते. निराळ्या विचाराचे मोल म्हणजे काही चमत्कार करून दाखवण्याची अट नव्हे. ज्याला साहाय्य लागते त्याचाही मान तितकाच, हे गृहीत धरूनच पुढील विवेचन वाचावे.

आयुर्वेदीय विचार : उन्माद की प्रकृती?

स्वमग्नतेस थेट नाव असलेली व्याधी संहितांत सापडत नाही. अलीकडे तिचा अंतर्भाव उन्मादात करण्याची प्रथा दिसते. आम्हांस ती सर्वस्वी मान्य नाही. चरकाचार्यांनी उन्मादात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार यांचा विभ्रम सांगितला आहे. विभ्रम म्हणजे मूळ स्थितीपासून ढळणे. स्वमग्न बालकाची मुळातील घडणच निराळी असते. ढळण्यापूर्वीची दुसरी स्थिती तेथे नसते. काही मुलांत दीड-दोन वर्षांच्या सुमारास आलेले शब्द मावळतात हे खरे आणि अशा मुलाची अधिक तपासणी झालीच पाहिजे. तरीही तेवढ्यावरून संपूर्ण अवस्थेस उन्माद ठरवणे युक्त नव्हे.

याउलट आपल्या शास्त्रात भेदाचा आदर करणारी एक स्वतंत्र संकल्पना आहे, ती म्हणजे प्रकृती. विमानस्थानातील दशविध परीक्षेत प्रकृती व विकृती यांची परीक्षा वेगळी सांगितली आहे. शारीरस्थानात सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस असे सत्त्वाचे सोळा प्रकार वर्णिले आहेत. माणसांची मने एका साच्याची नसतात, हे आपल्या आचार्यांनी गृहीतच धरले होते. स्वमग्नता म्हणजे अमुक एक प्रकृती, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, वैद्याने येथे प्रकृती-विकृतीचा विवेक वापरावा. प्रकृती बदलावयाची नसते, जाणून घ्यावयाची असते. विकृती शमवावयाची असते. मुलाचे हात फडफडवणे, एका ओळीत वस्तू मांडणे, दृष्टीस दृष्टी न देणे हे त्याच्या घडणीचे भाग आहेत. त्यांनी कोणाचे नुकसान होत नसेल, तर ते औषधाचे विषय नव्हेत. निद्रानाश, मलावष्टंभ, दंतशूल, अपस्मार, भय हे मात्र विकार आहेत आणि त्यांची उपेक्षा होता कामा नये.

न बोलणाऱ्याची वेदना

या संदर्भात काश्यपसंहितेतील वेदनाध्यायाचे पुनर्वाचन करावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. ज्या बालकास आपले दुःख सांगता येत नाही, त्याची वेदना त्याच्या चेष्टांवरून कशी ओळखावी, हाच त्या अध्यायाचा विषय आहे. मस्तक जोराने हलवणे, नेत्र मिटून घेणे, झोप न येणे यांवरून शिरःशूल आणि हातांनी कान चाचपणे यावरून कर्णवेदना ओळखावी, असे तेथे सांगितले आहे.

हा अध्याय तान्ह्या बालकांसाठी आहे खरा, परंतु वाचा नसलेल्या बारा वर्षांच्या मुलासही तो तंतोतंत लागू पडतो. असे मूल अचानक डोके आपटू लागले, हात चावू लागले, तर ‘हे त्याच्या आजारातलेच’ म्हणून सोडून देणे ही मोठी चूक होय. कान, दात, घसा, उदर आणि मलप्रवृत्ती पाहावी. आमच्याकडे आलेल्या एका मुलीचा ‘आक्रस्ताळेपणा’ किडलेल्या दाढेवर उपचार होताच आठवड्यात निवला. तोवर घरची मंडळी तिला शांत करण्याची औषधे शोधत होती.

व्यवहारात काय करावे

१. वेळीच ओळखावे. वर्षभराचे मूल नावास प्रतिसाद देत नाही, दीड वर्षाचे मूल बोट दाखवून आपले लक्ष वेधत नाही, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नाही अथवा कोणत्याही वयात आलेली भाषा गेली, तर वाट पाहू नये. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची ‘एम-चॅट’ ही प्रश्नावली उपलब्ध आहे. ती चाळणी आहे, निदान नव्हे.

२. श्रवणपरीक्षा प्रथम करून घ्यावी. आवाजाला घाबरणारे मूल नीट ऐकतेच असे नाही. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ अथवा जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे. वाचा व व्यवसायोपचार जितके लवकर सुरू होतील तितके मुलास आपले म्हणणे मांडण्याचे साधन लवकर मिळते. ते साधन वाणीच असावे असे नाही. चित्रे, खुणा, टंकलेखन हीही वाणीच होय.

३. मातापित्यांस त्यांचे हक्क सांगावेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र घेतल्याने मुलावर डाग लागत नाही, मदतीची दारे उघडतात.

४. चिकित्सालय अनुकूल करावे. अशा मुलास पहिली वेळ द्यावी, गर्दीत बसवू नये. नाडीस हात लावण्यापूर्वी सांगावे. डोळ्यांत पाहण्याची सक्ती करू नये.

५. स्पर्शाचा विवेक ठेवावा. हलका स्पर्श न खपणारे मूल दृढ, संथ दाब सुखाने सहन करते, असे पुष्कळदा दिसते. ग्रँडिन यांनी तरुणपणीच स्वतःसाठी दाब देणारे एक यंत्र बनवले होते. झोपण्यापूर्वीचा अभ्यंग मुलास रुचत असेल तर जरूर करावा, परंतु तो सुखासाठी आहे, स्वमग्नता घालवण्यासाठी नव्हे. रुचत नसेल तर धरून-बांधून करू नये.

६. आहारात धाडसी पथ्ये सांगू नयेत. यांतील अनेक मुले चार-पाचच पदार्थ खातात. त्यांतून दूध व गहू काढले तर कुपोषण ओढवते आणि त्या पथ्याने स्वमग्नतेत पालट होतो असा पुरेसा पुरावा नाही. कडू क्वाथ नाक दाबून पाजल्यास मूल उरलेले अन्नही नाकारू लागते.

७. अपस्माराची शंका आल्यास विलंब करू नये आणि चालू असलेली औषधे आपल्या अधिकारात बंद करू नयेत.

औषधनिर्मात्यांस व विक्रेत्यांस

आता आपल्याच घरातील गोष्ट. निदान झालेल्या मुलाचे मातापिता सर्वस्व द्यावयास तयार असतात. अशा वेळी ‘सहा महिन्यांत बोलता करू’ असे सांगून स्वर्णयुक्त अथवा पारदयुक्त कल्पांची बाड देणारे आपल्या व्यवसायात आहेत, हे आपण लपवू नये. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, आंतरजालावरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदीय औषधांपैकी सुमारे एकपंचमांश औषधांत शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळले होते. वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम काय होतो, हे सांगावयास नको. विषद्रव्य शरीरातून काढण्याच्या नावाखाली होणारे शिरेतील उपचारही तितकेच घातक आहेत. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा अशा उपचारात दगावला.

शेड्यूल ई-१ मधील द्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते, ती विक्रेत्याने स्वतः वाचावी. मेंदूची क्षमता व स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या शेड्यूल ‘जे’ मध्ये निषिद्ध दाव्यांत मोडतो, याचेही स्मरण ठेवावे. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्य असते. दोन वर्षांच्या मुलास ती महिनोन्महिने देण्यापूर्वी विचार करावा. वेखंडाविषयीही तेच. त्यातील बीटा-ॲसरोन या घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत त्याचा वापर निषिद्ध आहे. बाळगुटीतील एक-दोन वेढे निराळे आणि वाचा येईपर्यंत रोज चमचाभर चूर्ण निराळे.

दुकानात येऊन कोणी ‘मूल बोलत नाही, काही द्या’ म्हणाले, तर ‘प्रथम कान तपासून घ्या’ एवढे सांगणे ही त्या दिवसाची सर्वोत्तम विक्री समजावी.

समारोप

लेखारंभी उल्लेखिलेला मुलगा आज सतरा वर्षांचा आहे. त्याच्या आईने आम्हांस क्षमा केली की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. मात्र गेली दोन वर्षे ती त्याला दर गुरुवारी आमच्या औषधालयात घेऊन येते. तो फारसे बोलत नाही, पाटीवर लिहून दाखवतो. रस्ता एकट्याने ओलांडू शकत नाही. आपल्यामागे त्याचे कोण, हा आईचा प्रश्न तसाच आहे. औषधालयात तो मांडणीवरील बाटल्यांचे निर्मितिक्रमांक व मुदतीच्या तारखा पाहतो आणि त्याचे पाहिलेले कपाट आम्हांस पुन्हा पाहावे लागत नाही.

पहिल्या दिवशी तो आत येताच कान झाकून उभा राहिला होता. आम्ही कारण विचारले. त्याने पाटीवर लिहिले, ‘दिवा ओरडतो.’ आम्ही नळीदिव्याखाली उभे राहून लक्षपूर्वक ऐकले, तेव्हा त्याच्या चोकची बारीक घरघर आम्हांस प्रथमच जाणवली. इतकी वर्षे आम्ही त्याच दिव्याखाली बसून रुग्ण तपासत होतो. दिवा दुसऱ्या दिवशी बदलला. त्यानंतर प्रतीक्षेतील तान्ही मुलेही कमी रडतात असे आम्हांस वाटते, परंतु त्याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही.

ज्या व्यवसायबंधूंना अशा मुलांचा अनुभव आहे, त्यांनी तो, विशेषतः आपल्या चुकांसह, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावा.